तयारी वर्ग ठेवायचा की मोडायचा? खानापूर तालुक्यातल्या एका मुलांच्या बोर्डिंगचं प्रकरण

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात मुलांचं एक जुनं बोर्डिंग आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या बैठकीत समितीपुढे एक लेखी प्रस्ताव आला. सातवी पास झालेल्या मुलांसाठी मे महिन्यात मोफत चालणारा तयारी वर्ग बंद करावा आणि त्या दिवसांत शहरातल्या मुलांसाठी उन्हाळी शिबिराची तिसरी तुकडी घ्यावी, असा तो प्रस्ताव होता. त्यामागचा हेतू वाईट नव्हता. बोर्डिंगातली मुलं वर्षागणिक कमी होत होती, कौलं गळत होती, किराणा दुकानाची उधारी थकली होती. शिबिराला मात्र फेब्रुवारीतच नावं यायची आणि जागा नाही म्हणून पालकांना परत पाठवावं लागायचं.

मी त्या समितीवर होतो. संस्थेचं आणि माणसांची नावं मी इथे देत नाही. सीमाभागात हाच पेच पडलेल्या आणखीही संस्था आहेत. त्यांच्या उपयोगाचं आहे ते इतकंच, की हा निर्णय कुठे अडला, कशाने सुटला आणि पुढे त्याचं काय झालं.

बोर्डिंग कशासाठी होतं

या मुलखाला बोर्डिंगची ओळख पटली ती कोल्हापूरमुळे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहत गेली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवणारं वसतिगृह सुरू केलं. खानापूर तेव्हा इंग्रजी मुलखात होतं आणि कोल्हापूर संस्थानात, पण सोयरीक, बाजार आणि वर्तमानपत्रं एकच होती. शिकून परत आलेल्या मास्तरांनी ती कल्पना सोबत आणली.

आमचं बोर्डिंग स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातलं. गावातल्या एका घराण्याने रिकामा वाडा दिला, मास्तरांनी गावोगाव फिरून भात गोळा केलं आणि पहिली मुलं पडवीत झोपली. त्या दिवसांत फी नव्हतीच. सुगीनंतर प्रत्येक घरातून भाताचं पोतं यायचं, दिवाळीनंतर मुलं येताना सरपणाची मोळी घेऊन यायची, आणि ज्याच्या घरी दोन्ही नसेल तो विहिरीचं पाणी ओढायचा. जेवायला उकड्या तांदळाचा भात, कुळथाची आमटी आणि सकाळी नाचणीचं आंबील. आजही आमच्या भागात साठीच्या पुढच्या माणसाला विचारा, शाळा कुठली सांगायच्या आधी तो 'मी बोर्डिंगातला' असं सांगतो.

तालुक्याची पश्चिम बाजू ज्यांनी पावसाळ्यात पाहिली नाही, त्यांना बोर्डिंगची गरज पटायला वेळ लागतो. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे आणि हेम्माडग्याच्या आत जंगलात लहान लहान गावं आहेत. गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव, देगाव, मेंडील ही त्यातली काही. म्हादई आणि तिचे नाले जूनमध्ये भरले की काही गावांचा रस्ता तुटतो आणि गावकरी लाकडाचे साकव बांधून ये-जा करतात. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झाल्यावर पक्का रस्ता आणि पूल हा वनखात्याच्या परवानगीचाही विषय झाला. अशा गावात पाचवी किंवा सातवीपर्यंत शाळा असते. एक-दोन मास्तर सगळे वर्ग सांभाळतात. कर्नाटकात हायस्कूल आठवीपासून, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलाने बाहेर राहायचं किंवा शिक्षण सोडायचं, असा तिथे सरळ हिशेब असतो.

बेळगावात १९४५ पासून सैनिकांच्या मुलांसाठी सरकारी निवासी शाळा आहे. आता ती राष्ट्रीय मिलिटरी स्कूल म्हणून ओळखली जाते. तिला मैदान आहे, अनुदान आहे, प्रवेशाची परीक्षा आहे. आमच्यासारख्या बोर्डिंगची गाठ ज्या मुलांशी पडते, ती मुलं त्या परीक्षेच्या अर्जापर्यंत पोचतच नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. बोर्डिंगच्या वाड्यात त्या दिवशी काही बदललं नाही. बदल जाणवायला वीसेक वर्षं लागली. तोवर मॅट्रिक झालेला मुलगा मराठीवर मास्तर होऊ शकत होता, तलाठ्याच्या हाताखाली कारकुनी करू शकत होता. हळूहळू कचेरीचा कागद कन्नडमध्ये आला, नोकरीच्या जाहिरातीत कन्नडची अट आली, आणि दहावीला मराठी माध्यमाच्या बहुतेक मुलांपुढे मराठी पहिली, इंग्रजी दुसरी आणि कन्नड तिसरी भाषा अशी मांडणी झाली. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, एकूण गुण ६२५. पहिली भाषा १२५ गुणांची, बाकीचे पाच विषय शंभर-शंभराचे. गणितात अडकणारी मुलं सगळीकडेच असतात. आमच्याकडे त्यांच्याबरोबर कन्नडमध्ये अडकणारी मुलंही होती. कोंगळ्याच्या मुलाच्या कानावर घरी, रानात किंवा देवळात कन्नड कधी पडलेलंच नसतं.

शिबिर आणि तयारी वर्ग

लोकांचा समज असा की शिबिर जुनं आणि तयारी वर्ग हे त्याला जोडलेलं दानधर्माचं शेपूट. घडलं ते उलट क्रमाने. एका रेक्टर गुरुजींच्या लक्षात आलं की आतल्या गावांतली मुलं जूनमध्ये एकदम येतात. त्यांना वर्ग, घंटा, वेगवेगळ्या विषयांचे वेगवेगळे शिक्षक, पंगतीतलं जेवण, रात्रीचा दिवा, सगळंच एका आठवड्यात अंगावर येतं. म्हणून ते मे महिन्यातच मुलांना बोलावून घेऊ लागले. सकाळी वाचन-लेखन आणि पाढे, दुपारी कन्नड आणि इंग्रजीची अक्षरं, संध्याकाळी लेझीम, कबड्डी, नदीवर पोहणं. शाळा उघडायच्या आत मुलगा बोर्डिंगला रुळलेला असायचा.

हे पाहायला आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपली मुलं पाठवली आणि तिथून शिबिर सुरू झालं. ही मुलं बेळगाव, कोल्हापूर, पुणे, बंगळूरला इंग्रजी माध्यमात शिकणारी. त्यांना मराठी बोलता यायचं, वाचताना मात्र जोडाक्षराशी अडखळायची. आजीला पत्र लिहिता येत नाही, करवंदाची जाळी पाहिली नाही, अशा पालकांच्या तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. मग मराठी वाचन, लाठी, दांडपट्टा, येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढाई, हलशीला कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं मंदिर, असा कार्यक्रम बसत गेला. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे आमच्या पंचक्रोशीत निवृत्त सुभेदार-हवालदारांची वाण नाही. कवायत आणि धावणं त्यांनी हातात घेतलं. शिबिराला फी होती, आणि ती देताना कुणी कुरकुर करत नव्हतं.

हा पेच कळायला सुट्ट्यांचं गणित समजून घ्यावं लागतं. कर्नाटकातल्या शाळांना साधारण १० एप्रिलच्या सुमारास सुट्टी लागते आणि मेच्या अखेरीस त्या उघडतात. महाराष्ट्रात परीक्षा एप्रिलभर रेंगाळतात आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. म्हणून बेळगाव-बंगळूरच्या मुलांची तुकडी एप्रिलच्या उत्तरार्धात बसायची आणि पुणे-कोल्हापूरची मेच्या पूर्वार्धात. मेचा उत्तरार्ध तयारी वर्गाचा. शहरातून सगळ्यात जास्त मागणी होती ती नेमकी मेच्या उत्तरार्धाला, कारण पुण्याच्या मुलांची सुट्टी तेव्हा भरात असते. वाडा एक, स्वयंपाकघर एक, न्हाणीघरं मोजकी. दोन्ही गोष्टी एका वेळी होणं शक्य नव्हतं.

पैशाची बाजूही तितकीच खरी होती. बोर्डिंगचा खर्च जून ते नोव्हेंबर या काळात चढतो. पावसात सरपण मिळत नाही, गॅस लागतो, मुलं आजारी पडतात, भाजी महागते, घरून येणारं भात सुगीनंतर, म्हणजे त्यानंतर. शिबिराची फी एप्रिल-मेमध्ये रोख हातात येते. त्या पैशातून मेमध्येच वर्षाचा तांदूळ आणि डाळ भरून ठेवता यायची. एका तुकडीची फी म्हणजे पावसाळ्यातल्या दोन-अडीच महिन्यांची कोठी, असा आमच्या खजिनदारांचा अंदाज होता. तिसऱ्या तुकडीचा प्रस्ताव त्यांनीच आणला होता आणि त्यांचे आकडे बरोबर होते.

मुलं कमी का होत होती, याचं उत्तरही समितीत तयार होतं. २००६-०७ पासून आठवीच्या मुलांना सरकारी सायकल मिळू लागली, दुपारचं जेवण हायस्कूलपर्यंत आलं, काही गावांना बस आली, मोरारजी देसाई निवासी शाळा निघाल्या, मागासवर्गीय खात्याची वसतिगृहं वाढली. पूर्वी बोर्डिंगाशिवाय ज्यांना वाट नव्हती त्यांच्यासाठी वाटा झाल्या. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि समितीतल्या कुणीही ती वाईट म्हटली नाही. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र असा होता: बोर्डिंगची गरज संपत आली आहे, शिबिराची वाढते आहे, तर वाडा शिबिराला द्यावा.

रेक्टरांची वही

चर्चेला वळण मिळालं ते एका वहीमुळे. आताचे रेक्टर दरवर्षी प्रवेशाची एक वेगळी वही ठेवतात. त्यात मुलाचं गाव, घरची माणसं, आणलेलं भात, सातवीचे गुण, आणि एका रकान्यात 'मेमध्ये आला' किंवा 'जूनमध्ये आला' एवढीच नोंद असते. शेवटच्या रकान्यात मुलगा कधी गेला आणि का. बैठकीत त्यांनी ती वही टेबलावर ठेवली आणि मागच्या काही वर्षांची पानं उलटून दाखवली.

वहीत दिसलं ते आम्हा कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. मुलं प्रवेशालाच कमी येत होती हे खरं, पण आलेल्यांपैकी बरीच मुलं आठवीच्या दिवाळीला घरी जाऊन परत येत नव्हती. 'का' च्या रकान्यात रेक्टरांनी मुलाचे किंवा बापाचे शब्द उतरवले होते. 'कन्नड जमत नाही.' 'सर बोलतात ते कळत नाही.' 'गोव्याला भावाकडे गेला.' 'घरी काम आहे.' दिवाळीला गळालेल्यांत जूनमध्ये आलेल्यांचा भरणा होता. मेमध्ये येऊन तयारी वर्ग केलेली मुलं त्या यादीत क्वचित होती.

यावर खजिनदारांनी एक योग्य शंका काढली. मेमध्ये मुलाला पाठवणारं घर मुळातच शिक्षणाबद्दल जागरूक असेल, म्हणून तो मुलगा टिकत असेल. वर्गाचं श्रेय कशावरून? ही शंका मलाही रास्त वाटली आणि अजूनही वाटते. पण रेक्टरांनी तीन-चार मुलांच्या नोंदी वाचून दाखवल्या. त्यांना वडिलांनी हौसेने पाठवलं नव्हतं. घरी मेमध्ये खायला कमी म्हणून ती लवकर आली होती. ती टिकली होती. एवढ्यावरून सिद्धांत मांडता येणार नाही. निर्णय घ्यायला मात्र तेवढं पुरेसं होतं.

म्हणजे आमचा प्रश्न आम्ही चुकीच्या टोकाने धरला होता. मुलं कमी होण्याला बाहेरची कारणं होती, पण एक कारण आमच्या अंगणातलं होतं. तयारी वर्ग काढून टाकला असता तर दिवाळीची गळती वाढली असती, पुढच्या वर्षी बोर्डिंग आणखी रिकामं दिसलं असतं, आणि मग वाडा शिबिराला द्यायचा युक्तिवाद आणखी बळकट झाला असता.

कन्नडचा वाद

इथवर येऊन बैठक मिटली असती. पण वहीने दुसरा प्रश्न उभा केला. गळतीचं कारण कन्नड असेल तर तयारी वर्गात कन्नडचा वेळ वाढवावा लागणार, आणि शिकवायला कन्नड माध्यमातला चांगला शिक्षक आणावा लागणार. यावर समितीतले एक ज्येष्ठ सदस्य उठून उभे राहिले.

त्यांचं म्हणणं मी शक्य तितकं त्यांच्याच सुरात सांगतो. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्यांचे वडील तिथे होते. १९५६ पासून दर १ नोव्हेंबरला ते स्वतः काळा दिन पाळत आले. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसं गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर ते दर १ जूनला जातात. 'ज्या सक्तीविरुद्ध माणसं मेली, ती आपण आपल्या वाड्यात, आपल्या पैशानं, मोफत चालवायची काय?' असा त्यांचा प्रश्न होता. खोलीत कुणी हललं नाही. अशा माणसाला उत्तर देताना आवाज चढवायचा नसतो, आणि कुणी चढवलाही नाही.

उत्तर रेक्टरांनी दिलं. सक्ती आणि शिकणं यात फरक आहे, असं वाक्य टाकून मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी एका मुलाची गोष्ट सांगितली. पास्टोलीच्या बाजूचा मुलगा, उत्पन्नाचा दाखला काढायला बापाबरोबर नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत गेला. अर्ज कन्नडमध्ये. बाहेर बसलेल्या माणसाने अर्ज भरायचे पैसे घेतले आणि बापाचं नाव चुकीचं घातलं. मुलाला ते वाचता आलं नाही. दुरुस्तीला पुन्हा दोन फेऱ्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि शिष्यवृत्तीची मुदत टळली. 'काका, त्या पोराला मराठीचा अभिमान आहे की. त्याला फक्त बापाचं नाव बरोबर आहे काय, तेवढं बघता यायला पाहिजे होतं,' असं रेक्टर म्हणाले.

माझं मत त्या दिवशीही हेच होतं आणि मी ते बैठकीत मांडलं. मराठीसाठीचा आग्रह कायद्याच्या आधाराने धरावा. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असं घटनेचं ३५०-क कलम सांगतं. शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं असली तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे सूत्र १९४९ पासून कागदावर आहे. पंधरा टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्य असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असाही संकेत आहे. हे मिळवण्यासाठी मोठ्या माणसांनी भांडावं, अर्ज करावेत, कोर्टात जावं. सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत आठवीतल्या मुलाने मात्र थांबायचं नाही. त्याची बस आज सुटते आणि तिच्यावरची पाटी त्याला आज वाचता आली पाहिजे.

ज्येष्ठांनी विरोधाची नोंद करून घेतली आणि मतदानात तटस्थ राहिले. तयारी वर्गात मराठीचा तास एका मिनिटानेही कमी करायचा नाही, अशी त्यांनी अट घातली. ती एकमताने मान्य झाली. ती अट चांगली होती. नंतर एका वर्षी वेळापत्रक कोंबताना मराठीचाच तास कापायचा मोह झाला होता, तेव्हा या ठरावाने तो वाचवला.

काय केलं

शिबिराच्या दोनच तुकड्या ठेवल्या, फी वाढवली. तयारी वर्ग मेच्या उत्तरार्धात कायम राहिला. शिबिराचं खातं बोर्डिंगपासून वेगळं केलं आणि उरलेली रक्कम आधी कोठीला, मग कौलांना, असा क्रम लिहून ठेवला. माजी विद्यार्थ्यांना पुन्हा भाताची आठवण करून दिली. ज्यांनी शेती सोडली त्यांनी एका पोत्याची किंमत पाठवावी, असं सुचवलं. याला प्रतिसाद मिळाला. किराण्याची उधारी फिटली, पण कौलं अजून टप्प्याटप्प्यानेच बदलली जात आहेत.

शिबिरात एक गोष्ट फार आधी बदलायला हवी होती, ती याच निमित्ताने बदलली. नववी-दहावीची आमची काही मुलं शिबिरात मदतीला थांबायची. होता होता ती शहरातल्या मुलांच्या बॅगा उचलू लागली, ताटं विसळू लागली. मुद्दाम कुणी सांगितलं नव्हतं, पण घडत होतं. आता प्रत्येक मुलगा आपलं ताट आपण घासतो आणि आपलं अंथरूण आपण गुंडाळतो. बोर्डिंगची मुलं गटनायक असतात. झाडं, पाखरं, वाट, पोहणं त्यांच्याकडे, आणि त्याचं मानधन त्यांच्या नावावर जमा होतं. भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, तेव्हा जंगल दाखवायचं ते गावाच्या शिवारापुरतं. तेवढ्यातही अस्वलाने खणलेलं वारूळ दाखवून आमचा मुलगा जे सांगतो, ते पुण्याच्या मुलांना कुठल्या वर्गात मिळत नाही.

कन्नडच्या वर्गाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इतरांना त्यातलं उचलता येईल. शिक्षक मिळाले ते बैलहोंगलकडचे, कन्नड माध्यमातले, मोडकं पण निःसंकोच मराठी बोलणारे. त्यांनी पाठ्यपुस्तक पहिले काही दिवस उघडलंच नाही. मुलांना घेऊन ते खानापूरच्या बसस्टँडवर गेले आणि बसवरच्या पाट्या वाचायला लावल्या. खानापूर, बेळगावी, हळियाळ, धारवाड, नंदगड, लोंढा. गावांची नावं मुलांना आधीच माहीत, म्हणून अक्षराचा अंदाज करता येतो आणि तो लगेच बरोबर ठरतो. मग फळ्यावर वर्णमाला. कन्नडची वर्णमाला आपल्याच क्रमाने चालते, क ख ग घ तसंच, ळ सुद्धा आहे. वेगळं काय तर ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन. ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली की मुलाचा अर्धा धाक जातो.

दुसरी युक्ती जोड्यांची. तालुक्याच्या पूर्वेकडे, बिडी-इटगीच्या बाजूला, कन्नड गावात बोललं जातं. तिकडच्या मराठी मुलांना बोलता येतं, लिहिताना त्यांची फरफट होते. पश्चिमेच्या मुलांना कान नाही, पण अक्षर लवकर वळतं. एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा अशी जोडी लावली आणि एकमेकांचा गृहपाठ एकमेकांनी तपासायचा. शेवटच्या आठवड्यात खरे अर्ज: जात आणि उत्पन्नाचा दाखला, बसपास, बँकेची स्लिप, शेतीचा उतारा. प्रत्येकाने आपल्या घरचा उतारा आणायचा आणि त्यातलं आजोबांचं नाव शोधायचं. एका मुलाला उताऱ्यावर दुसऱ्याच कुणाचा बोजा चढलेला सापडला. तो कागद घेऊन रेक्टर त्याच्या वडिलांबरोबर तहसील कचेरीत गेले.

पहिल्या वर्षीच दिवाळीनंतर परतलेली मुलं आधीपेक्षा जास्त होती. त्यानंतरही दर दिवाळीनंतर रेक्टर वहीचा शेवटचा रकाना समितीत वाचतात, आणि ज्या वर्षी तो लांबतो त्या वर्षी त्यावरच बैठक होते.

मग २०२० आलं. शिबिर दोन उन्हाळे बंद राहिलं, बोर्डिंग रिकामं झालं, आणि अभयारण्यातल्या गावांना मोबाइलची रेंज नसल्याने ऑनलाइन शाळा तिकडे पोचलीच नाही. सरकारने विद्यागम योजना काढली, मास्तर गावात जाऊन झाडाखाली शिकवू लागले, पण ती काही आठवड्यांतच थांबवावी लागली. त्या काळात आमची काही मुलं गोव्यातल्या हॉटेलांत, काही बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला लागली. त्यातली निम्मी तरी परत आणता आली नाहीत, हे दुःख अजून आहे. शाळा उघडल्यावर आम्ही तयारी वर्ग लांबवला आणि वाचनाला जास्त वेळ दिला, कारण सातवी पास मुलाला चौथीचं पुस्तक जड जात होतं. शिबिराची फी नसल्याने त्या दोन वर्षांत कोठी चालली ती भाताच्या पोत्यांवर.

आता समितीपुढे काय आहे

तयारी वर्ग राहिला, पण त्याने एक नवी गरज दाखवली. जवळच्या गावांतल्या काही पालकांनी विचारलं, की वर्ग मोफत आहे तर मुलींनी का येऊ नये? मुली दिवसा येऊ लागल्या. त्या मुलांपेक्षा लवकर अक्षर गिरवतात, अर्ज भरण्यात त्यांचा हात स्वच्छ. मेअखेर वर्ग संपतो, मुलगे वाड्यात राहतात आणि मुली घरी जातात. ज्यांच्या गावाला बस आहे त्या हायस्कूलला पोचतात. आतल्या गावच्या मुलींचं शिक्षण तिथेच थांबतं.

बोर्डिंगच्या घटनेत 'मुलांसाठी' असं लिहिलेलं आहे आणि वाड्याची रचनाही तशीच. शेजारचं एक घर भाड्याने मिळू शकतं. त्याला कुंपण, स्वतंत्र न्हाणीघरं, मुक्कामाला राहणाऱ्या अधीक्षिका, रात्रीची सोबत आणि आवश्यक ते सरकारी परवाने लागतील. मुलींसाठी शिबिराची एक वेगळी तुकडी काढून तिच्या फीतून पहिल्या वर्षाचं भाडं निघेल, असं खजिनदारांनी मांडलं आहे. तिसऱ्या तुकडीचा जुना प्रस्ताव आणणारे तेच. या वेळी रेक्टर त्यांच्या बाजूने आहेत. अडचण आहे ती अधीक्षिकेची. आतापर्यंत दोघी येऊन बघून गेल्या. पगार कमी आणि पावसाळ्यात घर लांब, म्हणून दोघींनीही नकार दिला. पगाराची तरतूद वाढवायची तर शिबिराची फी पुन्हा वाढवावी लागेल, आणि फेब्रुवारीत नोंदणी सुरू व्हायच्या आधी ते ठरवायचं आहे.